माक्याचं तेल दरवर्षी खराब होतंय? आधी त्यातलं पाणी शोधा

गणपती उरकले की आमच्याकडे भाताच्या बांधावर माका (केसांच्या तेलात घालतात तो भृंगराज) माजतो, आणि दसऱ्यापासून माझ्याकडे त्याच त्या तक्रारी यायला लागतात. "तेल छान झालं होतं हो, पण महिन्याभरात वास मारायला लागलं." कुणाच्या बाटलीच्या तळाशी गढूळ थर बसलेला असतो. कुणाच्या झाकणाच्या आत कापसासारखी बुरशी दिसते. कुणाचं तेल तर पहिल्याच दिवशी करपट आणि काळपट तपकिरी निघतं. लोक या तीन वेगळ्या चुका समजतात आणि पुढच्या वर्षी माका बदलतात, तेल बदलतात, दुकान बदलतात. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा गोष्ट एकच असते. कढईतलं पाणी नेमकं कधी संपलं, हे ओळखता आलेलं नसतं. आधी उतरवलं तर तेल कुबट होतं, उशिरा उतरवलं तर करपतं.

हे मला कळायला एक अख्खा घाणा वाया जावा लागला. चार वर्षांपूर्वी मी सात बाटल्या भरल्या, पाच नात्यात वाटल्या. दिवाळीनंतर मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, "अगं, तुझ्या तेलाला आंबूस वास येतोय, तुझ्याकडच्या बाटलीला पण येतोय का बघ जरा." मी माझी बाटली उजेडात धरली. वरून तेल हिरवंगार, स्वच्छ. बाटली तिरकी केली तर तळाशी वाटाण्याएवढा एक काळपट थेंब पाऱ्यासारखा वेगळा घरंगळला. ते पाणी होतं. गळ्याशी आतून पांढरट कडं धरलेलं. "ताई, ते लावू नका, टाकून द्या," असं सांगून मी उरलेल्या सगळ्यांना फोन केले. ज्यांना प्रेमाने दिलं त्यांनाच ते फेकायला सांगावं लागलं, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी प्रत्येक घाण्याची वही ठेवते: किती रस, किती तेल, किती वाजता काय तापमान. खाली लिहिलंय ते त्या वहीतून आणि आधीच्या पिढीकडून आलेलं आहे.

आधी निदान करा

बाटलीतलं तेल बिघडलंय की नुसतं गोठलंय, हे पहिल्यांदा बघा. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठायला लागतं. थंडीत ते पांढरट, रवाळ दिसलं तर तो दोष नाही. बाटली कोमट पाण्यात उभी करा, दहा मिनिटांत ते नितळ व्हायला हवं. नितळ झालं नाही, ढगाळच राहिलं, तर आत पाणी किंवा बारीक चोथा आहे.

पाणी आहे का, हे बघायची सगळ्यात सोपी रीत समईची आहे. कापसाची छोटी कोरडी वात त्या तेलात बुडवा, निथळून घ्या आणि पेटवा. शांत जळली तर तेल कोरडं. तडतडली, ठिणग्या उडाल्या, तर पाणी आहे. दुसरी रीत: लोखंडी पळी कोरडी करून तापवा आणि तिच्यात चमचाभर तेल ओता. चर्र आवाज येऊन बुडबुडे उठले तर उत्तर मिळालं. पाव चमचा पाणीसुद्धा लपत नाही. पळीपासून तोंड लांब ठेवा.

वासात फरक करायला शिका. कुबट, आंबूस वास म्हणजे पाणी आणि त्यात वाढलेले जंतू. साबणासारखा वास, जिभेला लावलं तर साबणाची चव, म्हणजे खोबरेल तेल पाण्यामुळे फुटलंय, त्यातली आम्लं सुटी झालीत. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास म्हणजे हवा आणि उजेड लागून तेल जुनं झालंय. आणि करपलेला, जळक्या पाल्याचा वास म्हणजे पाक (तेलात रस आटवणं) पुढे गेला. नाकाला एवढं जमलं की अर्धं काम झालं.

मुळात पाणी घालायचंच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. पाणी एवढं त्रास देतं तर पाला थेट तेलात तळून का घेऊ नये? बरेच जण तेच करतात, आणि दहा मिनिटांत तेल हिरवं झालं की खूश होतात. पण तो हिरवा रंग म्हणजे मुख्यतः हरितद्रव्य. ते तेलात झटकन उतरतं, म्हणून फसवतं. माक्यातलं ज्याच्यावर अभ्यासकांचं सर्वाधिक लक्ष आहे ते वेडेलोलॅक्टोन (पिवळ्या माक्याच्या 'वेडेलिया' या शास्त्रीय वंशनावावरून हे नाव पडलं) पाण्यात फारसं विरघळत नाही, मद्यार्कात मात्र चांगलं उतरतं. प्रयोगशाळेत त्यासाठी मिथेनॉल वापरतात. घरी आपल्याकडे तेल आणि पाणी, एवढंच आहे. गरम तेलात टाकलेला पाला बाहेरून लगेच कडक होतो आणि आतला माल आतच राहतो. पाण्यात तो आधी मऊ पडतो, पेशी फुटतात, रस मोकळा होतो. आणि उकळी फुटली की पाण्याच्या वाफेने तेल आणि रस एकमेकांत इतके घुसळले जातात की दोघांचा संपर्क कितीतरी पटींनी वाढतो. ताकाला रवी करते ते काम इथे उकळी करते. तासन्‌तास.

म्हणून जुन्या वैद्यांनी स्नेहपाकाला तीन गोष्टी सांगितल्या: कल्क म्हणजे वाटलेला गोळा, स्नेह म्हणजे तेल किंवा तूप, आणि द्रव म्हणजे रस, काढा, दूध वगैरे. सर्वसाधारण प्रमाण १ भाग कल्क, ४ भाग तेल, १६ भाग द्रव. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात याला एक बारकावा आहे आणि तो घरी हमखास सुटतो. द्रव नुसतं पाणी असेल तर कल्क तेलाच्या चौथा हिस्सा, काढा असेल तर सहावा, आणि ताजा रस असेल तर आठवा. कारण उघड आहे: रसात आधीच भरपूर माल आहे, त्यावर जास्त कल्क घातला तर तो तळाशी बसून लागतो आणि शेवटी पाणी धरून ठेवतो.

आता हिशेब करा. १ लिटर तेलाला ४ लिटर रस लागतो. ताज्या माक्याच्या एका किलोतून माझ्याकडे जेमतेम अर्धा लिटर रस निघतो. म्हणजे १ लिटर तेलाला आठ किलो माका! कुणी एवढा आणत नाही. मग होतं काय, तेल लिटरभर आणि रस पाव लिटर. असं तेल खराब होत नाही, पण फिकं आणि कमकस राहतं, आणि मग "अर्क उतरत नाही" ही दुसरी तक्रार येते. माझं सांगणं एवढंच: घाणा लहान करा. पाव लिटर तेल, १ लिटर रस, ३० ग्रॅम कल्क. दोन किलो माक्यात हे बसतं आणि घरातल्या चौघांना दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरतं.

ताजा माका मिळत नसेल तर वाळलेल्याचा काढा चालतो. ५०० ग्रॅम वाळलेला माका ४ लिटर पाण्यात रात्री भिजवा, सकाळी मंद आचेवर उघड्या टोपात आटवून १ लिटर करा, गाळा. याला पाव लिटर तेल आणि ४० ग्रॅम कल्क. वाळलेला माका घेताना तो हिरवट-करडा आणि सुवासिक हवा. पिवळा पडलेला, धुळकट, काडीकाडीचा असेल तर काढा कितीही आटवा, त्यात काही नसतं.

तो माकाच आहे ना?

हे सांगायला मला राग येतो, पण सांगते. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून मी वाळलेला माका दोन किलो आणला. काढा केला, रंगच येईना. परातीत पसरून बघितलं तर अर्ध्याहून जास्त कंबरमोडी होती. तीच ती, ज्याला काही भागांत एकदांडी किंवा दगडी पाला म्हणतात. जखमेवर चोळतो ती. वनस्पती चांगली आहे, पण माका नव्हे, आणि तेलासाठी माक्याचे पैसे घेऊन ती देणं बरोबर नाही.

ताज्या झाडात फरक ओळखणं सोपं आहे. माक्याचं फूल छोटं, सगळंच पांढरं, जणू बारीक पांढऱ्या धाग्यांचं बटण. कंबरमोडीचं फूल लांबलचक एकाच दांड्यावर उभं, मध्ये पिवळं, कडेला मोजक्या फिकट पाकळ्या आणि पाकळीच्या टोकाला दातरे. माक्याचं खोड बहुतेकदा लालसर, पानं समोरासमोर आणि खरखरीत. आणि खरी परीक्षा तळहातावर होते. चार पानं घ्या आणि चुरगाळून हातावर चोळा. माका असेल तर हिरवा डाग बघता बघता काळा पडतो. आमच्याकडे मुलं यानेच हातावर नक्षी काढायची. वाळलेल्या मालात हे जमत नाही, म्हणून मी आता शक्यतो ताजाच वापरते. माका पाणथळ जागी येतो. गावात नाही मिळाला तर कालव्याच्या कडेला, ओढ्याकाठी बघा, फक्त सांडपाण्याच्या गटाराकाठचा आणि नुकतीच फवारणी झालेल्या शेतातला नको.

रस काढल्यावर वेळ घालवू नका. माका मुळासकट उपटला तर मुळं नीट धुऊन माती काढा, मग सगळं झाड पंचावर पसरून वरचं पाणी वाळू द्या. धुण्याचं पाणी रसात गेलं तर तेवढं जास्त आटवावं लागतं. खलबत्त्यात कुटून पिळला तर उत्तम, मिक्सरमध्ये फिरवला तरी चालतो. रस तासाभरात काळा पडायला लागतो, दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबतो. पिळला की लगेच तेलाबरोबर चुलीवर.

कढईत काय चाललंय ते ऐका

आता मुख्य भाग. तुमच्यापैकी प्रत्येकाने लोणी कढवलेलं आहे. आधी खदखद, मग बारीक तडतड, मग एकदम शांतता. आई कानानेच सांगायची, तूप झालं म्हणून. तेल-रसाचा पाक याच चालीने जातो, फक्त लोण्यात पाणी थोडं असतं आणि इथे तेलाच्या चौपट.

पाणी असेपर्यंत भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या आसपासच थांबतं. गॅस मोठा करा, तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त निघते. (महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथल्यांनी त्याप्रमाणे धरावं.) म्हणून पहिले तीन-चार तास पाल्याला काही धोका नसतो. घातक वेळ शेवटची. पाण्याचा शेवटचा थेंब गेला की तापमानाला अडवणारं काही उरत नाही. पाव लिटरच्या घाण्यात ते १०० वरून १२० वर जायला मला एकदा फक्त चार मिनिटं लागली होती. दाराशी कुरिअरवाला आला होता, एवढंच. परत आले तर कल्क काळा.

म्हणून एक गोष्ट विकत घ्याच: मिठाईवाले पाकाला वापरतात तो २०० अंशांपर्यंतचा स्टीलचा थर्मामीटर. त्याचं टोक तेलात बुडवा, पण बुडाला टेकू देऊ नका, बूड नेहमी जास्त गरम असतं. माझ्या मागच्या घाण्याची वही बघते: सकाळी ९ वाजता पेटवला, ९.२५ ला ९९. दुपारी १२ पर्यंत ९९ ते १०० यातच. त्या दिवशी मी तिथेच थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उकळी, १०.४० ला १०१, १०.४८ ला १०३, १०.५२ ला १०६, गॅस बंद. जाड बुडाचं भांडं होतं, तापमान आपोआप १०९ पर्यंत चढलं आणि मग उतरलं. वात शांत जळली. ते तेल वर्षभर टिकलं.

दोन दिवसांची गोष्ट माझ्या मनची नाही. तेल-तूप एका दिवसात उतरवू नये, वस्तीला ठेवलं की गुण वाढतो, असं जुनं वचन आहे. रात्रभर मुरल्याने कल्क पुरता भिजतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण आपली हवा दमट आहे. रात्री थांबवण्यापूर्वी खळखळून उकळी द्या, गरम असतानाच कोरड्या पातळ फडक्याने झाका आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा चुलीवर ठेवा. एक रात्र बास. तीन-तीन रात्री ठेवणं मला पटत नाही.

थर्मामीटर नसेल तर कान, डोळे आणि बोटं आहेतच. आवाज: खदखद, मग चुरचुर, मग शांत. बुडबुडे: आधी मोठे, फुगून फुटणारे, मग मोहरीएवढे, मग साबुदाण्याच्या पेजेवर येतात तसे अगदी बारीक. कल्क: पळीने थोडा काढून निववा आणि दोन बोटांत वळा. चिखलासारखा बोटाला चिकटला तर पाणी आहे. बोटाला न चिकटता त्याची वात वळली आणि कडेने तेल सुटलं, तर झालं. कुरकुरला, चुरा झाला, तर पुढे गेलं. वळलेली वात निखाऱ्यावर किंवा ज्योतीवर धरली की आवाज येता कामा नये. ग्रंथात मृदू (कल्क मऊ), मध्यम आणि खर (कल्क कडक) असे तीन पाक सांगितलेत आणि मालिशच्या तेलाला खर पाक चालतो असंही आहे. पण घरच्या गॅसवर खर आणि दग्ध, म्हणजे करपलेला, यांच्यामध्ये मिनिटाचं अंतर असतं. मध्यमावर थांबा.

आणि फेसाबद्दल, कारण माझा तो सात बाटल्यांचा घाणा फेसानेच घालवला. तेल सिद्ध झालं की फेस येतो, तूप सिद्ध झालं की फेस बसतो, हे वाक्य मला पाठ होतं. फेस आला, मी उतरवलं. पण माक्याचा रस पहिल्या उकळीलाच फेसाळतो. तो फेस हिरवट, मोठ्या बुडबुड्यांचा, भांड्याच्या काठापर्यंत फुगणारा असतो. पळीने ढवळला की बसतो. शेवटचा फेस पांढुरका, दाट, बारीक असतो आणि तो आवाज बंद झाल्यावर येतो. आवाज चालू असताना आलेला फेस धरू नका.

या पहिल्या फेसासाठीच भांडं मोठं घ्या. तेल आणि रस मिळून भांड्याच्या एक तृतीयांशापेक्षा वर नको. आणि रस तापलेल्या तेलात कधीही ओतू नका. तेल शंभराच्या वर असेल तर पाणी तळाशी जाऊन एकदम वाफ होते आणि तेल अंगावर उसळतं. थंड तेलात थंड रस, मग आच. लहान मुलं त्या दिवशी ओट्यापासून लांब.

झाकण, बाटली आणि ओला हात

पाक अचूक उतरवूनही तेल बिघडतं, तेव्हा चूक पुढची असते. सगळ्यात जास्त वेळा झाकण नडतं. माशी बसेल म्हणून आपण गरम कढईवर ताट ठेवतो. आतली वाफ ताटाला लागते, थेंब होतात, तेलात पडतात. दोन दिवसांची मेहनत त्या थेंबांनी जाते. कढई फडक्याने झाका. गाळायचं ते साधारण ७०-८० अंशांवर, कोरड्या मलमलीतून. मलमल आदल्या दिवशी धुऊन उन्हात वाळवलेली हवी. गाळलेलं तेल स्टीलच्या डब्यात दोन-तीन दिवस स्थिर ठेवा, खाली साका बसतो. वरचं नितळ तेल अलगद ओतून घ्या, खालचं बोटभर तसंच सोडा. आणि बाटली भरताना तेल पूर्ण निवलेलं असू दे. कोमट भरलं की झाकणाच्या आत पुन्हा दव.

बाटली काचेची, रंगीत. यामागे खरं कारण आहे: हरितद्रव्य उजेडात तेल लवकर खवट करतं. म्हणजे ज्या हिरव्या रंगावर आपण खूश होतो, तोच खिडकीत ठेवलेल्या पारदर्शक बाटलीत तेलाचा वैरी होतो. रंगीत बाटली नसेल तर वर्तमानपत्र गुंडाळा आणि कपाटात ठेवा. न्हाणीघरात तर नकोच. तिथे ओला हात बाटलीत जातो, वाफ जाते. आठवड्यापुरतं तेल छोट्या बाटलीत काढून घ्या, मोठी बाटली कपाटातच राहू द्या.

भांड्याबद्दल दोन शब्द. लोखंडी कढईत तेल काळंभोर होतं आणि लोकांना ते अस्सल वाटतं. काळा रंग बराचसा लोह आणि वनस्पतीतल्या तुरट द्रव्यांचा आहे. लोह, आणि त्याहून जास्त तांबं, तेल खवट व्हायला मदत करतं. मी आमची जुनी लोखंडी कढई फार जपते, पण हे तेल जाड बुडाच्या स्टीलमध्येच करते.

इतर वस्तू टाकताना

माक्याच्या तेलात हल्ली सगळंच टाकतात: जास्वंद, कोरफड, कांदा, आवळा, कढीपत्ता, मेथी. बिघडलेल्या घाण्यांची चौकशी केली की कोरफड आणि जास्वंद यांची नावं हटकून येतात. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच असतो. जास्वंदीची फुलं-पानं चिकट आहेत. दोन्हींचा बुळबुळीतपणा पाण्याला घट्ट धरतो, तळाशी चिकटून करपतो, आणि वरून बुडबुडे थांबले तरी आत ओलच राहते. म्हणजे एकाच कढईत करपणं आणि कच्चं राहणं दोन्ही. जास्वंद हवीच असेल तर फुलं सावलीत कडकडीत वाळवून, पूड करून कल्कात थोडी घाला. कोरफड ताजी डोक्याला लावा, तेलात नको. आवळ्याचं जीवनसत्त्व 'क' पाण्यात विरघळतं, तेलात येत नाही. आवळा तेलासाठी घालायचा तो त्यातल्या इतर गोष्टींसाठी, आणि तोही काढ्याच्या रूपात, रसाच्या मापात धरून.

वाळा, जटामांसी, कापूरकाचरी यांचा वास उडून जाणारा आहे. चार तास उकळलंत तर तो स्वयंपाकघरात दरवळेल आणि तेलात काही उरणार नाही. तेल उतरवून ५०-६० अंशांवर आलं की त्यांची भरड कोरड्या पुरचुंडीत बांधून दोन दिवस तेलात सोडा, मग काढून टाका. कापूर त्याहून थंड झाल्यावर.

बरणीत पाला भरून वर तेल ओतून उन्हात ठेवायची रीतही खूप जण विचारतात. ताज्या पाल्याने ती करू नका. पाल्यातलं पाणी बंद बरणीत जाणार कुठे? वर उजेडाने तेल खवट होतं ते वेगळंच. वाळलेल्या पाल्याने, बरणी कापडात गुंडाळून केलीत तर ते तेल टिकतं, पण रसाच्या पाकाची सर त्याला येत नाही.

तेल कुठलं?

केसांना आमच्याकडे खोबरेल. तेलाच्या घाण्यावरचं घ्या, पण नाक लावून घ्या. खोबरं ओलसर असताना गाळलेलं तेल मुळातच ओलं आणि थोडं आंबट असतं. संशय आला तर रस घालायच्या आधी नुसतं तेल १०५ अंशांपर्यंत तापवून पूर्ण थंड करा. देशावर तिळाचं वापरतात, आणि ग्रंथात नुसतं 'तैल' म्हटलं की तिळाचंच समजायचं. तिळाच्या तेलात त्याला खवट होऊ न देणारी द्रव्यं निसर्गतःच असतात. ते चांगलं टिकतं, थंडीत गोठतही नाही. डोकं जड होतं म्हणून काहींना नको वाटतं. निम्मं-निम्मं केलं तर चालतं.

बिघडलेलं वाचवता येतं का?

वातीच्या परीक्षेत पाणी निघालं, पण वास अजून स्वच्छ आहे, बुरशी नाही: वाचतं. बाटल्यांतलं तेल वरून ओतून घ्या, तळाचा थेंब सोडून द्या. मंद आचेवर १०५-१०८ पर्यंत न्या, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तिथेच राखा, फडक्याखाली निववा, पुन्हा गाळा, बाटल्या धुऊन उन्हात वाळवून मग भरा. साबणाचा किंवा खवट वास आला असेल तर तापवून तो जात नाही. ते दिव्याला वापरा, डोक्याला नको. बुरशी दिसली तर सरळ टाकून द्या. बुरशी वरून काढली की झालं, असं समजू नका. करपलेलंही सुधारत नाही. त्यात चांगलं तेल मिसळून वास लपवू नका, चांगलंही जाईल.

फिकं, कमकस तेल मात्र सुधारतं. तेच तेल घेऊन पुन्हा चौपट ताजा रस आणि आठवा हिस्सा कल्क घालून पूर्ण पाक पुन्हा करा. असा दोनदा-तीनदा पाक देणं जुन्या पद्धतीत आहेच, त्याला आवर्तन म्हणतात. हे मी दोन वेळा केलं आणि रंग, वास दोन्हीत फरक स्पष्ट होता.

नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, मग डोक्याला. आणि बचत गटातल्या बायका विचारतात म्हणून सांगते: घरात वाटायला कुणाची परवानगी लागत नाही, पण आयुर्वेदिक औषध किंवा सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवून विकायचं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी जाऊन या. टक्कल भरून येतं, पांढरे केस काळे होतात, असले दावे लेबलावर लिहू नका.

राहिला कल्क. पाव लिटरच्या घाण्यात तो तीन-चार चमचे तेल पिऊन बसलेला असतो, टाकवत नाही. तो वेगळा पिळा, पण ते तेल मुख्य बाटलीत अजिबात मिसळू नका. राहिलेली ओल असली तर तिथेच असते. मी ते छोट्या वाटीत ठेवते आणि त्याच आठवड्यात सासूबाईंच्या डोक्याला चोळून संपवते.